झाकणाचे उपकार

मानवजातीनं चाकाच्या शोधाचं जेवढं कौतुक केलं, त्याच्या पावपटही झाकणाच्या शोधाचं केलं नाही, आणि हा सरळसरळ अन्याय आहे. चाक नसेल तर माणूस पायी जाईल. झाकण नसेल तर मात्र आत राहायला हवं ते बाहेर पडतं आणि बाहेर राहायला हवं ते आत शिरतं. संस्कृती संस्कृती म्हणतात ती तरी दुसरं काय असते? या दोन गोष्टी आपापल्या जागी ठेवायची धडपड.

हा विचार मी सकाळी चहाच्या टेबलावर मांडला तेव्हा बायको म्हणाली, "मग त्या जॅमच्या बाटलीला झाकण लावा की. मुंग्या झाल्यात."

मी लावलं. पण मत बदललं नाही. बदलणारही नाही, कारण आमच्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं एक झाकण आमच्यावर उपकार करून गेलंय. तेही स्वतः निकामी होऊन. उपकार करणारी माणसं सहसा धडधाकट असतात आणि नंतर आठवण करून देतात. या झाकणानं तसलं काही केलं नाही.

आधी बेकरीचं सांगतो. बेकरी बायकोची. मी निवृत्त झाल्यापासून काउंटरच्या आतल्या बाजूला एका स्टुलावर बसतो आणि गिऱ्हाइकांशी बोलतो. माझ्या बोलण्यामुळे गिऱ्हाइकं थांबतात असं मला वाटतं. बायकोला वाटतं, ती पाव निघायची वाट बघत थांबतात.

ही बेकरी चालायची बायकोच्या नाकावर. ती पुढे पिशव्या भरत असायची, भट्टीकडे पाठ असायची, मध्ये एक भिंत असायची, आणि बोलता बोलता ती अचानक ओरडायची, "काका, डावीकडचा ट्रे!" आत भट्टीकाका तो ट्रे ओढायचे आणि पाव नेमका जसा हवा तसा निघायचा. भट्टीपाशी घड्याळ नव्हतंच. भट्टीकाका म्हणजे आमची भट्टी सांभाळणारे गृहस्थ. ते नात्यानं कुणाचेच काका नाहीत, पण सगळ्यांना सारखंच रागावतात, त्यामुळे दुसरं काही म्हणवत नाही. त्यांच्या आयुष्याला एकच नियम आहे: जे चिकटतं किंवा कुरकुरतं, त्याला लोणी लावायचं. साच्यांना लोणी, ट्रेच्या कडांना लोणी. भट्टीच्या दाराच्या बिजागरीलाही लोणी. एकदा माझ्या चष्म्याची काडी कुरकुरत होती. मी दोन दिवस जगाकडे पिवळसर नजरेनं पाहिलं.

तर असं सगळं छान चाललं होतं, आणि बायकोला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला. म्हणजे नाक जागेवर होतं. वास गेला.

"परत येईल," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?" बायको म्हणाली.

"म्हणजे येईल. किंवा नाही येणार. आला तर एकेक करून येईल. आणि मधल्या काळात नसलेले वासही येतील, ते खरे धरू नका."

ही सूचना पाळायला फार अवघड. एकदा भर दुपारी तिला केस जळाल्याचा वास आला. मी घाबरून डोक्यावरून हात फिरवला, तर जळण्याइतके केसच नव्हते. आणखी एकदा तिला धुराचा वास आला आणि तिनं बादलीभर पाणी भट्टीत ओतलं. आग कुठेच नव्हती. सकाळचा सगळा पाव मात्र आंघोळ करून बाहेर आला. त्यानंतर तिनं एक गजराचं घड्याळ आणून भट्टीपाशी ठेवलं. भट्टीकाकांनी त्या घड्याळाशी अबोला धरला. घड्याळ वाजलं की ते दुसरीकडे बघायचे. कधी पाव कच्चा निघायचा, कधी करपायचा. गिऱ्हाइकं भली, काही म्हणायची नाहीत. बायकोला तेच जास्त लागायचं.

या काळात माझा एक फायदा झाला. माझा एक तपकिरी स्वेटर आहे. पूर्वी बायको तो दर आठवड्याला माझ्या अंगावरून ओरबाडून धुवायला टाकायची. वास गेल्यापासून तो स्वेटर आणि मी, दोघंही निवांत होतो.

मग ते केकचं झालं. गल्लीच्या टोकाला एक निवृत्त बाई राहतात, शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्या एक दिवस केक परत घेऊन आल्या. फार सौम्यपणे म्हणाल्या, "माझ्याच तोंडाला चव नसेल कदाचित, पण जरा लोणी खवट लागतंय का हो?" बायकोनं तुकडा नाकाशी धरला. मग पुन्हा धरला. मग तो माझ्याकडे दिला. मी हुंगला. माझं नाक तसं लहानपणापासून सर्दीनं भाड्यानं घेतलेलं आहे, त्याचा उपयोग चष्मा टेकवण्यापुरता. शेवटी भट्टीकाकांनी चाखला आणि मान खाली घातली. लोणी खवट होतं. तो डबा बायकोनंच उघडला होता, तिनंच हुंगला होता आणि तिनंच "चांगलंय" म्हटलं होतं.

त्या दिवशी तिनं दुकान लवकर बंद केलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "पलीकडच्या भागातले ते मोठे बेकरीवाले मागे दुकान विचारत होते ना?"

"अगं, ते यंत्रावर पाव करतात."

"यंत्राला ताप येत नाही," ती म्हणाली.

मी वाद घातला, पण माझ्याकडे मुद्दा नव्हता, नुसतं वाईट वाटणं होतं. भट्टीकाकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं." आणि आत जाऊन, काही चिकटत नसताना, सगळ्या साच्यांना लोणी लावत बसले.

मोठ्या बेकरीवाल्यांना शब्द द्यायला आम्ही निघालो ती सकाळ स्वच्छ होती. गाडी मी चालवत होतो. आमची गाडी जुनी आहे. केक पोचवायला भट्टीकाका नेतात, पेट्रोलही बहुधा तेच भरतात, त्यामुळे तिच्या तब्येतीविषयी मला उडत उडत माहिती असते. काही आठवड्यांपासून माझ्यासमोर एक पिवळा दिवा लागलेला होता. त्यावर इंजिनाचं चित्र होतं. मी समजलो होतो, आपल्याला इंजिन आहे असं गाडी कळवतेय. मला बरं वाटायचं.

बायको खिडकीबाहेर बघत होती. मी काही विनोद करून पाहिले. एरवी ती निदान "पुरे" तरी म्हणते. तेवढंही म्हणाली नाही. सिग्नलला गाडी थांबली, आणि ती एकदम ताठ बसली.

"अहो."

"काय?"

"पेट्रोल."

"भरपूर आहे. काटा बघ."

"पेट्रोलचा वास येतोय."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. समोर बघत होती, नाकपुड्या फुललेल्या, एक हात दाराच्या कडीवर. मला आनंद व्हायला हवा होता, पण केसांचा वास आठवला, धूर आठवला, ओला पाव आठवला. तिलाही तेच आठवलं असणार, कारण लगेच म्हणाली, "नसेल. परत तसलंच काहीतरी असेल. तुम्हाला येतोय का?"

मी खोल श्वास घेतला. माझ्या नाकानं मला नेहमीप्रमाणे काही कळवलं नाही.

"येतोय वाटतं," मी म्हणालो.

"खोटं बोलू नका."

"नाही येत."

मागून हॉर्न वाजले. मी गाडी पुढे काढून बाजूला घेतली. बायको उतरली, गाडीला वळसा घालून मागच्या चाकाच्या वर पेट्रोलच्या टाकीची छोटी खिडकी असते तिथे गेली, ती उघडली, आणि भर रस्त्यात वाकून तिला नाक लावलं. एक सायकलवाला वळून वळून बघत गेला.

ती उभी राहिली तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"काय झालं?"

"पेट्रोल," ती म्हणाली. "आणि खवट लोणी."

पेट्रोलच्या टाकीत खवट लोणी! जो वास यायला हवा तेव्हा आला नाही, तोच आता मनातून उठून गाडीच्या टाकीला चिकटला, हे मलाही कळत होतं आणि तिलाही.

"चला," ती खिडकी बंद करत म्हणाली. "ते वाट बघत असतील."

पण पुढच्याच कोपऱ्यावर गॅरेज होतं, आणि मी, आयुष्यात प्रथमच, न विचारता गाडी आत घातली. "पेट्रोल गळत असेल तर धोका आहे," मी म्हणालो. "दुकान गेलं तर चालेल, पण दुकानाच्या आधी आपण जायला नको." ती "पुरे" म्हणाली. मला जरा धीर आला.

या गॅरेजवाल्याला सगळा भाग 'हळूहळू' म्हणतो. काहीही विचारा, तो म्हणतो, "होईल हळूहळू." दाराशी एक मोडका सोफा, भिंतीला टांगलेले पाने, आणि जमिनीवर इतकं काळं ऑइल की फरशीचा मूळ रंग हा तर्काचा विषय.

"पेट्रोलचा वास येतोय का बघा," मी म्हणालो.

"मला नाही येणार," हळूहळू म्हणाला.

"का?"

"इथेच असतो ना साहेब दिवसभर. मला पेट्रोलचा वास येत नाही. सुट्टीच्या दिवशी घरी असलो की कसला तरी विचित्र वास येतो. बायको म्हणते ती ताजी हवा."

म्हणजे आम्ही तिघं, आणि तिघांत विश्वासाचं एक नाक नव्हतं.

हळूहळूनं आधी गाडीखाली डोकावून पाहिलं. कोरडं होतं. मग आत डोकावून तो पिवळा दिवा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याला इंजिनाविषयीचा माझा समज सांगितला नाही. मग तो टाकीपाशी गेला, झाकण धरून फिरवलं, आणि त्याचा हात सटकला. पुन्हा धरलं, पुन्हा सटकला.

"हे काय लावलंय?" तो म्हणाला.

"काय?"

त्यानं झाकण काढून आमच्यासमोर धरलं. आतल्या बाजूला, चुडीच्या म्हणजे फिरवायच्या आट्यांच्या वर, रबराचा एक गोल वायसर असतो. हा वायसर दाबून बसला की टाकीचं तोंड बंद होतं आणि वाफा आत राहतात. आमचा वायसर फुगला होता, वाकडा झाला होता आणि एका जागी चक्क चिरला होता. त्याच्यावर धूळ खाऊन काळपट झालेलं, चिकट, पिवळं काहीतरी थापलेलं होतं. हळूहळूनं ते बोटावर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं, मग नाकाचा उपयोग नाही हे आठवून माझ्याकडे केलं. मी ते हाताच्या खुणेनंच बायकोकडे वळवलं.

तिनं हुंगलं नाही. ती नुसती बघत राहिली. तिला कळलं होतं.

मी भट्टीकाकांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"काका, गाडीच्या टाकीच्या झाकणाला तुम्ही काही लावलंत का?"

"लोणी," भट्टीकाका म्हणाले.

"का?"

"का म्हणजे? बंद करताना कटकट आवाज करत होतं."

हळूहळूनं कपाळावर हात मारला. त्या जागी आजही ऑइलचा डाग असेल. "काका, तो आवाज यायलाच पाहिजे! कटकट झालं म्हणजे कॅप घट्ट बसली. ती कुरकुर नाही, ती खूण आहे!"

"हे कोण बोलतंय?" भट्टीकाका म्हणाले.

"गॅरेजवाले आहेत."

"त्यांना सांगा, लोणी लावल्यापासून मी थोडंच फिरवतो. आवाज येत नाही. एकदम गप्प आहे."

"गप्प आहे म्हणजे उघडं आहे!" हळूहळू ओरडला. एवढ्या वेगानं त्याला बोलताना या भागात कुणी ऐकलं नव्हतं. "रबराला तेल, तूप, लोणी काही चालत नाही. फुगतं, मऊ पडतं, चिरतं. कोरड्या फडक्यानं पुसायचं, बस्स!"

मग भट्टीकाका हळूच म्हणाले, "ताई रागावल्यात का? केकचं चांगलं लोणी लावलं होतं मी. हलकं नाही वापरलं."

बायको पुढे झाली. तिनं माझ्या हातातून फोन घेतला. मग म्हणाली, "काका, फार चांगलं केलंत."

"मग बाकीच्या दारांनाही लावू?"

"नको," आम्ही तिघंही म्हणालो.

हळूहळूनं फळीवरचं एक डबडं उपडं केलं. त्यात जगातल्या सगळ्या गाड्यांची झाकणं होती. एक त्यानं लावून पाहिलं. मला तर ते छान बसल्यासारखं वाटलं. "बसतंय, पण बसत नाही," तो म्हणाला. "चुडी पकडते, वायसर टेकत नाही. या गाडीला हिचीच पाहिजे." आणि समोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तो स्वतः गेला.

तो परत येईपर्यंत बायकोनं गॅरेज हुंगून काढलं. एक टायर हुंगला. काळं फडकं हुंगलं. साबणाच्या डब्यात नाक घातलं आणि बाहेर काढून मान हलवली: साबण नाही. कोपऱ्यात कुणाच्या तरी डब्यातली संत्र्याची साल पडली होती. ती उचलून कितीतरी वेळ नाकाशी धरली. ती सालही गप्पच राहिली.

"एकेक करून येईल म्हणाले होते ना," मी म्हणालो.

"पावाचाच वास यायचा राहिला तर?" ती म्हणाली. "पेट्रोल आणि खवट लोणी एवढ्यावर बेकरी चालत नाही हो."

ती माझ्या शेजारी सोफ्यावर येऊन बसली, डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. क्षणभर तशीच राहिली. मग तिनं श्वास आत ओढला, डोकं उचललं आणि माझ्या स्वेटरकडे बघत म्हणाली, "हं."

एवढंच. मी फार मनावर घेतलं नाही.

हळूहळू नवं झाकण घेऊन आला. आधी त्यानं टाकीच्या तोंडाची कडा कोरड्या फडक्यानं पुसली, सगळीकडून. भट्टीकाकांची उदारता आतपर्यंत पोचली होती. मग झाकण बायकोच्या हातात दिलं. "तुम्ही लावा ताई. कटकट होईपर्यंत फिरवा."

तिनं फिरवलं. कट. कट. कट. मी आयुष्यात पुष्कळ चांगलं संगीत ऐकलंय, पण ते असो.

"आणि तो पिवळा दिवा?" मी विचारलं.

"तो लगेच नाही जाणार. गाडी चालवत राहा. झाकण नीट बसतंय अशी तिची खात्री पटली की तीच विझवेल." आणि तो समाधानानं म्हणाला, "हळूहळू."

जुनं झाकण तो टाकून देत होता. मी मागून घेतलं. त्यानं ते एका कागदात गुंडाळून दिलं. माझ्याविषयी त्याचं जे मत झालं ते त्यानं बोलून दाखवलं नाही, त्याबद्दलही मी त्याचा आभारी आहे.

"आता कुठे?" गाडीत बसल्यावर मी विचारलं. मोठे बेकरीवाले उजवीकडे होते, आमची बेकरी डावीकडे.

"आधी दुकानात," ती म्हणाली. "भट्टी लागलेली असेल. आज नाही कळलं तर तसेच जाऊ त्यांच्याकडे. मग मला काही समजावायचं नाही."

"नाही समजावणार."

दुकानात शिरलो तेव्हा भट्टीकाका अपराध्यासारखे उभे होते. हातात लोण्याचा डबा होता, तो त्यांनी पाठीमागे लपवला. बायको थेट पुढच्या काउंटरवर गेली, भट्टीकडे पाठ केली आणि पिशव्या उघडून ठेवायला लागली. मी माझ्या स्टुलावर बसलो. मुख्याध्यापिका बाई पाव घ्यायला आल्या होत्या. त्या काही विचारणार तेवढ्यात मी त्यांना खुणेनं थांबवलं. माझ्याकडून बोलणं थांबवलं जातंय हे बघून त्या घाबरल्याच.

आत भट्टी धगधगत होती. घड्याळ टिकटिक करत होतं. बायकोनं एक पिशवी उघडली. दुसरी उघडली. तिच्या हातांना काही सुचत नव्हतं, त्याच पिशव्या ती पुन्हा घड्या घालून पुन्हा उघडत होती. मला वाटलं, आता काही होत नाही. मनातल्या मनात मी गाडी उजवीकडे वळवायला घेतली.

आणि तिचे हात थांबले.

मान किंचित वर झाली. नाकपुड्या फुलल्या. ती तशीच उभी राहिली, जणू कुणीतरी लांबून तिला हाक मारतंय आणि ती आवाज ओळखायचा प्रयत्न करतेय.

"काका," ती म्हणाली. मग ओरडली, "काका, डावीकडचा ट्रे!"

भट्टीकाका आत धावले. ट्रे ओढल्याचा आवाज आला. मागोमाग घड्याळ वाजायला लागलं, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं. भट्टीकाका ट्रे घेऊन दारात आले. पाव सोनेरी होता, सगळीकडून एकसारखा. त्यांनी तो ट्रे काउंटरवर ठेवला आणि तोंड फिरवून बाही डोळ्यांना लावली. त्या बाहीलाही लोणी होतं.

बायकोनं एक पाव दोन्ही हातांनी उचलला, हात भाजत असतानाही, आणि त्यात चेहरा घातला. बराच वेळ बाहेर आली नाही. मुख्याध्यापिका बाईंनी आपला रुमाल काउंटरवर ठेवला आणि बाहेर बघत उभ्या राहिल्या.

मोठ्या बेकरीवाल्यांना बायकोनंच फोन केला. "माफ करा, दुकान द्यायचं नाही असं ठरलंय." पलीकडून सुटकेचा निःश्वास मलासुद्धा ऐकू आला. "बरं झालं हो," ते म्हणाले. "आमच्या आईला तुमचाच पाव लागतो. दुकान मी घेतलं तर तिला काय सांगायचं, या चिंतेत होतो."

यानंतर कुणीतरी दोन शब्द बोलायला हवेत असं मला वाटलं. असं वाटणारा तिथे मी एकटाच होतो, त्यामुळे जबाबदारी माझ्यावर आली. मी कागदातून जुनं झाकण काढलं, काउंटरच्या मधोमध, ताज्या पावाच्या ट्रेशेजारी ठेवलं आणि उभा राहिलो. भट्टीकाकांच्या हाताचे आभार मानले, जो चुकून नेमक्या जागी पडला. हळूहळूचे मानले. सिग्नलचे मानले, जो वेळेवर लाल झाला. मग झाकणाकडे वळलो. म्हणालो, या चिरलेल्या रबरानं जे बाहेर सोडलं त्यामुळे आज जे आत राहायला हवं होतं ते या घरात राहिलं, आणि म्हणून हे झाकण यापुढे याच काउंटरवर, सगळ्या गिऱ्हाइकांना दिसेल असं, सन्मानानं विराजमान होईल. मुख्याध्यापिका बाईंनी टाळ्या वाजवल्या. भट्टीकाकांनीही, डबा खाली ठेवून.

बायको माझ्याकडे बघत होती. डोळे अजून ओले होते. एवढ्या प्रेमानं तिनं माझ्याकडे कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

"झालं का बोलून?" ती म्हणाली.

"झालं."

"मग ते झाकण जरा बाहेर नेऊन ठेवता? पावाला पेट्रोलचा वास लागतोय. आणि जाताच आहात तर तो स्वेटरही धुवायला टाका."